हजेरी कोण घेणार? मधुमेह, मन आणि मोबाईलवरचा व्यायाम



बहिरमची यात्रा तोंडावर आली आहे. थोड्याच दिवसांत तुम्हा परतवाडा-अचलपूरकरांतले निम्मे लोक रोडगे आणि हंडीतलं मटण खायला तिकडे निघणार, आणि नेमकं त्याआधी मधुमेहावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. हा संयोजकांचा धूर्तपणा की भाबडेपणा, ते त्यांनाच ठाऊक. आहाराला मी आज हात लावणार नाही, एवढं आश्वासन देऊन टाकतो. म्हणजे निदान मागच्या रांगेतली मंडळी उठून जाणार नाहीत.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते व्यायामशिक्षक होते. त्यांच्या आखाड्यात पहाटे हजेरी होई आणि जो आला नसेल त्याच्या घरी एक पोरगं धाडलं जाई, असं मला इथे आल्यावर कळलं. मी मधुमेहाचा डॉक्टर, कुस्तीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या धाडलेल्या पोराबद्दल मला पुष्कळ बोलायचं आहे.

विषय आजचाच आहे. फेब्रुवारी २०२१ आठवा. कोरोनाची दुसरी लाट राज्यात नीट पोचलीही नव्हती, तेव्हा अमरावती आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली. मैदानं बंद, चिखलदरा रोडवरचं सकाळचं फिरणं बंद. वर्षभरापूर्वीच्या टाळेबंदीने आधीच घरात कोंडलेले माझे शुगरचे पेशंट पुन्हा पलंगावर आले. याच काळात घरोघरी मोबाईल उभा राहिला: कुणाचा तांब्याला टेकवलेला, कुणाचा डाळीच्या डब्याला. त्यावर पुण्याची, मुंबईची, कधी बंगळुरूची कुणी ताई किंवा सर हात वर करा, खाली घ्या असं सांगू लागले. टाळेबंदी संपली तरी ते चालूच राहिलं. आज तपासणीला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण विचारतात, ‘डॉक्टर, मोबाईलवर पाहून व्यायाम केला तर चालते का? अन् डोक्यालेही थोडं बरं वाटंल का?’ दुसरा प्रश्न दारातून बाहेर पडता पडता विचारतात. माझ्या मते खरा प्रश्न तोच असतो.

आधी आवाका सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्राचा आकडा ८.४ टक्के आला होता. त्याच पाहणीत लोक किती हालचाल करतात हेही मोजलं गेलं. निम्म्याहून जास्त, ५४.४ टक्के, लोक निष्क्रिय गटात निघाले. आणि हौसेने, मोकळ्या वेळात, स्वतःसाठी म्हणून अंग हलवणारे दहा टक्केही नव्हते.

हा ‘स्वतःसाठी’ शब्द जरा धरून ठेवा. वावरात काम करणाऱ्या माणसाला व्यायाम करा म्हटलं की तो चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त असतं. ‘आमी का रिकामटेकडे हाओ का डाक्टर? दिवसभर वावरात वाकतो, अन् वरून व्यायाम कायचा करा लावता?’ कापूस वेचणाऱ्या बाईला ‘थोडं चाला’ म्हणणाऱ्या डॉक्टरने आधी एक दिवस कापूस वेचून पाहावा. शरीराच्या हिशेबात तिची मेहनत मेहनतच आहे. स्नायू आकुंचन पावला की तो इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो, मग ते आकुंचन पऱ्हाटीतलं असो की जिममधलं. पण मनाच्या हिशेबात दोन्ही एक नाहीत. २०१७ साली या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. मोकळ्या वेळातली, आपल्या मर्जीची हालचाल चांगल्या मानसिक आरोग्यासोबत आढळते. रोजगाराच्या कामातली हालचाल तशी आढळत नाही, उलट काही ठिकाणी वाईट अवस्थेशीच तिचा संबंध दिसतो. ज्या श्रमाची मजुरी दुसरा ठरवतो, वेळ दुसरा ठरवतो आणि पाऊस तिसराच ठरवतो, त्या श्रमाने मन हलकं होत नाही, यात मला तरी नवल वाटत नाही.

हा फरक आपल्या पूर्वजांच्याही नजरेतून पुरता सुटला होता असं नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या (मधुमेह त्यातच येतो) रोग्याला जो उपाय सांगितला आहे तो माणूस पाहून बदलतो. ज्याच्याजवळ पैसा नाही, नातलग नाहीत, त्याने पायात जोडा न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजनं चालावं. कुणी शेत नांगरावं, कुणी विहीर खणावी. आणि रोगी कृश असेल तर त्याला जपावं, हेही त्याच ठिकाणी आहे. अनवाणी चालण्याचा सल्ला आज कुणी घेऊ नका, पायांची संवेदना गेलेल्या माणसाला तो पाय गमवायला लावील. पण उपाय सांगताना माणसाच्या खिशात काय आहे आणि त्याला कोण आहे, हे त्या वैद्याने आधी विचारलं, त्याला माझा नमस्कार. आपण बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत ‘रोज ४५ मिनिटं चाला’ लिहून देतो.

आता मनाकडे येतो. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एक नैराश्य, जो स्वतंत्र आजार आहे. २००१ साली ४२ अभ्यासांचा आढावा घेऊन असं सांगितलं गेलं की मधुमेह असलेल्यांत नैराश्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट. उलटंही खरं आहे, नैराश्य असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता वाढते. सतराव्या शतकातला थॉमस विलिस हा इंग्रज वैद्य दीर्घ दुःखाने हा रोग होतो असं मानायचा. पूर्ण बरोबर नव्हता, पण पूर्ण चुकलाही नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे मधुमेहाचा ताप, आजार सांभाळताना होणारा मनस्ताप. हे नैराश्य नव्हे. विल्यम पोलोन्स्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तो मोजायला वीस प्रश्नांची यादी केली. आपल्याकडे यादीची गरज पडत नाही, माणसं आपणहून बोलतात. ‘हे मरेपर्यंतच का?’ ‘घरचे ताटाकडेच पाहतात.’ ‘लग्नात गेलो की लोक विचारते, शुगर किती आहे?’ ‘सगळं केलं तरी तीन महिन्यांची वाढूनच येते.’ तुमच्या लक्षात आलंय का, हल्ली तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा सांगितला जातो? सात आला की पोरगं पास, नऊ आला की बाप रागावणार. साठीच्या गृहस्थाला मुलगा व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाहून पुण्याहून फोनवर झापतो आणि गृहस्थ पुढच्या वेळी तपासणीच चुकवतात. ही चुकवलेली तपासणी मला साखरेपेक्षा जास्त घाबरवते.

या दोन्हींवर व्यायामाचा काही उपयोग होतो का? होतो, आणि नुसतं बरं वाटतं एवढाच नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थाल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात सगळे सांगतात. नैराश्य असलेली, पन्नाशीच्या पुढची १५६ माणसं. काहींना सर्ट्रालिन हे औषध, काहींना गटाने, शिक्षकासमोर, आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखे सुधारले. औषधाचा गुण सुरुवातीला लवकर आला एवढंच. मग शंका निघाली: गुण व्यायामाचा की सकाळी भेटणाऱ्या माणसांचा? म्हणून २००७ मध्ये त्याच मंडळींनी २०२ जणांवर दुसरा प्रयोग केला. गटाने व्यायाम करणारे ४५ टक्के बरे, घरी करणारे ४० टक्के, औषधवाले ४७ आणि खोटी गोळी घेणारे ३१.

या चार आकड्यांनी मला बरंच शिकवलं. घरी केलेला व्यायाम अगदीच मागे पडला नाही. म्हणजे ‘मैदानाशिवाय व्यायाम नाही’ असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. पण ती घरी व्यायाम करणारी माणसं प्रयोगात नाव नोंदवलेली होती. आपलं कुणीतरी पाहणार, विचारणार, मोजणार हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा ती एकटी होती असं मी म्हणणार नाही. आणि खोटी गोळी घेऊनही ३१ टक्के बरे झाले, याचा अर्थ कुणीतरी आपली नियमाने चौकशी करतंय, एवढ्यानेही माणूस काही अंशी सावरतो.

याच दृष्टीने मोबाईलकडे पाहू या. भारतात याचा एक सुरेख प्रयोग झाला आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडू आणि आंध्र प्रदेशातले मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३७ नोकरदार पुरुष घेतले. सगळ्यांना सुरुवातीला आहार-व्यायामाचं समजावून सांगितलं. निम्म्यांना त्यानंतर दोन वर्षं मोबाईलवर साधे लेखी निरोप पाठवले: चाला, जिना चढा, तेल कमी करा. व्हिडिओ नाही, अॅप नाही, साधा एसेमेस. २०१३ मध्ये निकाल आला. निरोप न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, निरोप मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. दोन-चार ओळींच्या एसेमेसने एवढं केलं, हे मला आजही थक्क करतं. मात्र त्यात मधुमेह टळला की नाही ते मोजलं, मन किती हलकं झालं ते नव्हे.

मन मोजलं गेलं इंग्लंडमध्ये. तिथे मधुमेहींसाठी ‘हेल्प डायबेटिस’ नावाचा इंटरनेटवरचा कार्यक्रम तयार झाला: माहिती, व्यायाम, भावनांना आधार, सगळं एका जागी. ३७४ जणांवरचा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात तीन महिन्यांची साखर थोडी, पाव टक्क्याच्या आसपास, उतरली. पण मनावरचं ओझं, तेच वीस प्रश्नांचं माप लावून पाहिलं तर, एकूण गटात उतरलं नाही. आजार नवा होता अशांना थोडा आराम पडला, जुन्यांना नाही. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. नवीन माणसाला माहिती हवी असते, ती पडद्यावर भरपूर मिळते. वीस वर्षांच्या मधुमेह्याला माहिती पाठ झालेली असते. त्याला कुणीतरी हवं असतं.

इंटरनेटवरच्या आरोग्य कार्यक्रमांचं आणखी एक दुखणं आहे: गळती. गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्ये लिहून ठेवलं की अशा कार्यक्रमांतून माणसं गळत जाणं हा अपवाद नव्हे, त्यांचा स्वभावच आहे. आणि शिकागोचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मोहर यांनी २०११ मध्ये त्याचं एक उत्तर मांडलं. माणूस पडद्यावरच्या कार्यक्रमात टिकतो तो कुणा खऱ्या माणसाला आपण उत्तर देणं लागतो असं वाटतं म्हणून. आणि ते माणूस जाणकार, विश्वासाचं, आपलं भलं चिंतणारं वाटलं पाहिजे. नुसता दरारा चालत नाही. शिकागोला जे २०११ मध्ये छापून आलं ते वऱ्हाडातल्या आखाड्यांना ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह मला होतोय आणि आज तो मी आवरणार नाही. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं आणि १९३६ साली त्या मंडळाचा चमू बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब-कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवून आला. एवढं सगळं दंड-बैठकांच्या वहीतल्या आकृत्यांवर उभं राहिलं नाही. तिकडे मोझरीला तुकडोजी महाराजांनी प्रार्थना सामुदायिक केली, तीही एकट्याला करता आली असती.

आखाड्याचा उदोउदो करताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. तिथे पुरुष होते. बाई नव्हती. म्हणूनच मोबाईलला नावं ठेवणाऱ्या मंडळींशी माझं पटत नाही. परतवाड्यातली पंचावन्न वर्षांची बाई ट्रॅकपँट घालून मैदानावर धावेल, असं तुम्हाला वाटतं का? ती दार लावून, साडीचा पदर खोचून, मोबाईलसमोर हात-पाय हलवू शकते. तिच्यासाठी मोबाईल म्हणजे पहिल्यांदा मिळालेलं मैदान आहे. पण मग दुसरं पाहा. दार लावलं की सासू विचारते, एवढं काय चालू आहे? घरात स्मार्टफोन दोन, त्यातला एक नवऱ्याचा आणि एक कॉलेजला अमरावतीला जाणाऱ्या पोराचा. वर्ग सकाळी सहाला, तेव्हा नळाला पाणी येतं. वर्ग घेणाऱ्याने वेळ ठरवली ती नोकरदारांच्या सोयीने. बाई चार दिवस करते, पाचव्या दिवशी तिचा खाडा होतो, आणि वर्गात तीनशे जण असल्यामुळे खाडा कुणाला दिसतही नाही. मग तिला वाटतं, आपल्याच्याने हेही होत नाही. शुगरच्या अपराधात आणखी एका अपराधाची भर. मानसिक आरोग्याचा कार्यक्रम अशा रीतीने एका बाईचं मानसिक आरोग्य बिघडवून संपतो.

महाराष्ट्रात या बाबतीत जे लोकांपर्यंत खरोखर पोचलं, त्याचं गणितही हेच सांगतं. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांचा धागा पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवण आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं, असं सोपं सूत्र दिलं. त्यांच्या आहाराबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत आणि मी शब्द दिल्याप्रमाणे तिकडे जात नाही. पण ते पसरलं ते व्हॉट्सअॅपच्या गटांवर, जिथे विचारलं की उत्तर मिळतं. पुण्यात डॉ. प्रमोद त्रिपाठी यांच्या ‘फ्रीडम फ्रॉम डायबेटिस’मध्ये आहार, व्यायाम आणि औषधांच्या जोडीला मनावरच्या कामाला स्वतंत्र जागा आहे आणि व्यायामाचे वर्ग ऑनलाईन चालतात. अशा कार्यक्रमांत भाग घेणारी माणसं मला भेटतात. सुधारलेली असतात तेव्हा गटातल्या सोबत्यांची नावं सांगतात. व्यायामप्रकारांची नावं त्यांना आठवत नाहीत.

याच संदर्भात ‘मधुमेहमुक्ती’बद्दल सावध करतो. २०२१ मध्ये जगातल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलं की औषधं थांबवल्यावर निदान तीन महिने एचबीएवनसी साडेसहाच्या खाली राहिलं तर आजार माघारी गेला असं म्हणावं. माघारी गेला, संपला नव्हे. वर्ष-दोन वर्षांनी साखर परतली तर तो तुमचा पराभव नाही. ‘मी मधुमेहमुक्त’ असा सत्कार झालेली माणसं साखर परतल्यावर गट सोडतात, डॉक्टर बदलतात, लोकांना टाळतात. मला विचाराल तर हे सत्कारच बंद करावेत.

आता थोडं डॉक्टरकीचं. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामात सत्तरच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, भलतीच चिडचिड. मैदानावर शेजारचा माणूस ओळखतो. कॅमेरा बंद ठेवून पुण्याच्या वर्गात बसलेल्या माणसाला कोण ओळखणार? म्हणून मोबाईलशेजारी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज ठेवा, त्रास वाटताच ते घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना ही भीती फारशी नाही. पण ती वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, थकवा आणि उदासी येते, आणि लोक त्याला मनाचा रोग समजून बसतात. एकदा तपासून घ्या. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झालेल्यांनी श्वास रोखून वजन उचलू नये, शीर्षासन करू नये. आणि मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत तापलेल्या गच्चीवर, यूट्यूबवरच्या सरांनी सांगितलं म्हणून अनवाणी योगासनं तर मुळीच नकोत. तळव्यांना भाजल्याचं कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो.

आणखी एक, कारण यामुळे माणसं हिरमुसतात. दणदणीत व्यायामानंतर लगेच मोजलं तर साखर वाढलेली दिसू शकते. अॅड्रिनालिन यकृतातली साखर बाहेर सोडतं म्हणून तसं होतं, ती पुढे उतरते. मोजायचंच असेल तर त्या क्षणी मोजू नका.

मग परतवाड्यात करायचं काय? आपल्याच भागाने याचं उत्तर एकदा दिलं आहे, फक्त ते मधुमेहासाठी नव्हतं. शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ हादरलेला असताना ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प विदर्भातल्या ३० गावांत राबवला गेला. गावातल्याच माणसांना शिकवलं, त्यांनी घरोघर जाऊन उदास माणसाशी बोलायचं, गरज पडेल त्याला पुढे डॉक्टरकडे न्यायचं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त त्याचा अहवाल आला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. यात नवं औषध नव्हतं. दार ठोठावणारं माणूस होतं. मधुमेह आणि नैराश्य एकत्र असलेल्यांवरही आपल्या देशात मोठा प्रयोग झाला आहे, चार दवाखान्यांत, ४०४ रुग्णांवर. २०२० मध्ये ‘जामा’त तो छापून आला. तिथेही डॉक्टरांच्या जोडीला पाठपुरावा करणारा एक कार्यकर्ता नेमला होता आणि दोन वर्षांनी मन आणि साखर, दोन्हींत फरक दिसला.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. या सभागृहाच्या भिंतीवर मोठा टीव्ही आहे. चांगल्या शिक्षकाचा ऑनलाईन वर्ग त्यावर लावा. पुण्याचा असो, कुठलाही असो, शिकवणारा जाणकार असला म्हणजे झालं. समोर दहा-बारा जण, जास्त नकोत. आपल्यातलाच एक जण हजेरीची वही ठेवील. अमरावतीत शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारी मुलं आहेत, त्यांच्यातला एखादा चुकीचं वाकणाऱ्याला सावरायला मिळाला तर उत्तम. आशा ताई तिशीपुढच्यांच्या आरोग्य तपासणीचे फॉर्म भरतात, त्यांना कुणाच्या घरी कोण कोपरा धरून बसलंय ते माहीत असतं, त्यांना विचारा. बायकांचा वर्ग वेगळा, दुपारी तीनच्या सुमाराला, भांडी आवरल्यावर आणि संध्याकाळच्या पाण्याआधी. ज्यांना घरूनच करायचंय त्यांनी घरून करावं, पण नाव याच वहीत असावं.

वही ठेवणाऱ्याला दोन नियम. साखरेचे आकडे गटात टाकायचे नाहीत. कुणाचा पहिला नंबर नको, कुणाची लाज नको. आणि सलग दोन दिवस कुणी आलं नाही तर फोन करायचा. फोनवर शुगर विचारायची नाही. बोलता बोलता दोन गोष्टी काढून घ्यायच्या: गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटत नाही असं झालंय का, आणि मन सारखं खाली बसतंय का. नैराश्य चाचपायला डॉक्टरही जगभर याच दोन प्रश्नांनी सुरुवात करतात. उत्तर ‘हो, बहुतेक दिवस’ असेल तर नुसता व्यायाम पुरणार नाही, डॉक्टरकडे न्यायला हवं. रात्री-बेरात्री कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर लावून द्यायचा. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

पुरुषांच्या वर्गाच्या वेळेवरून खाली कार्यकर्त्यांत वाद चालू असल्याचं मी येताना ऐकलं. माझं मत रात्रीच्या जेवणानंतरच्या वेळेला आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात २०१६ मध्ये ४१ मधुमेहींवर केलेल्या अभ्यासात दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालण्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. दुकानं साडेआठला बंद होतात, जेवण नऊला. साडेनऊला जयस्तंभ चौकातून निघा, दहा मिनिटं जायला, दहा यायला. पायात बूट हवेत, चपला नकोत. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या इकडे पाठवा, जितकी उत्तरं देता येतील तितकी आत्ताच देतो.